हक्कांच्या कामाला पैसा: छोट्या संस्थेने अनुदानाचा अर्ज कसा उभा करावा

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेचा एक प्रस्ताव मंजूर झाल्याचे पत्र आले. पेढे वाटून झाले. आठ दिवसांनी दात्याने विश्वस्तांची अद्ययावत यादी मागवली आणि पीटीआरचा (धर्मादाय कार्यालयातल्या सार्वजनिक विश्वस्त नोंदवहीचा) उतारा काढून पाहतो तर पाचपैकी एक विश्वस्त चार वर्षांपूर्वी वारलेले, एक राजीनामा देऊन गावी गेलेले. बदल अर्ज दाखल होता, मंजूर झालेला नव्हता. दात्याने दोन महिने वाट पाहिली. मग ते अनुदान दुसऱ्या संस्थेला गेले, आणि त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

ग्रामसभा, माहिती अधिकार, वनहक्क, कौटुंबिक हिंसा, वेठबिगारी, कैद्यांना कायदेशीर मदत अशा विषयांवर काम करणाऱ्या, पाच-दहा कार्यकर्त्यांच्या संस्थांसाठी हे लिहितो आहे. शाळा बांधायला किंवा चष्मे वाटायला पैसे मिळवणे तुलनेने सोपे. 'लोकांना त्यांचे हक्क बजावता यावेत' यासाठी पैसे मागितले की देणारा जरा सावरून बसतो. म्हणून इथे तयारी दुप्पट लागते.

सगळे एकाच उदाहरणावरून सांगतो. समजा, तुमची संस्था एका तालुक्यातल्या ३० ग्रामपंचायतींत महिला सभा खऱ्या अर्थाने भरवायचे काम करू पाहते. उदाहरणातले गावांचे आणि रुपयांचे आकडे नमुन्याचे आहेत. कायद्याचे आकडे खरे आहेत.

पहिली पायरी: काय बदलणार, ते एका वाक्यात

दाता शोधायच्या आधी हे वाक्य लिहा. 'महिलांचे सक्षमीकरण' हे वाक्य नव्हे, तो फलकावरचा मजकूर झाला. आमच्या उदाहरणात वाक्य असे होईल: 'दोन वर्षांनी ३० पैकी किमान २० ग्रामपंचायतींत ग्रामसभेआधी महिलांची सभा प्रत्यक्ष भरेल आणि तिथले ठराव ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये (इतिवृत्तात) नोंदलेले सापडतील.'

या वाक्याला कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेणे बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरमध्येच भरते. अंगणवाडीताई घरोघरी जाऊन सह्या गोळा करतात आणि सभा 'संपन्न' होते. कायदा आहे, अंमल नाही आणि मधली फट मोजता येते. हक्कांच्या कामासाठी पैसे मागताना अशी फट शोधणे हीच निम्मी लढाई. तुम्ही सरकारविरुद्ध काहीतरी करायला निघाला नाहीत, सरकारनेच केलेला कायदा गावात उतरवता आहात, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट होते.

मग सध्याची स्थिती मोजा. अर्जाआधी, स्वतःच्या खर्चाने. दहा गावांतल्या मागच्या आठ ग्रामसभांची हजेरी आणि प्रोसिडिंगच्या नकला माहिती अधिकारात मागवा. खर्च फार होत नाही आणि हाती जे येते त्याच्या जोरावर अर्ज उभा राहतो.

दुसरी पायरी: कागद

कंटाळवाणा भाग. पण सर्वाधिक अनुदाने इथेच बुडतात, म्हणून थोडे थांबू.

महाराष्ट्रात संस्था सहसा १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली अशा दोन्हीकडे नोंदलेली असते. म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे तुमचे खाते कायमचे उघडे असते. विश्वस्त किंवा कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा असतो. लोक देतात आणि विसरतात. तारखा पडतात, वकील बदलतात, फाइल कुठल्या कपाटात आहे हे कुणालाच आठवत नाही. दर सहा महिन्यांनी पीटीआरचा ताजा उतारा काढून त्यावरची नावे तुमच्या ठरावातल्या नावांशी ताडून पाहा. जुळत नसतील तर अर्जबिर्ज बाजूला ठेवा, आधी ते निस्तरा.

याशिवाय फाइलमध्ये हवे:

– घटना आणि नियमावली. उद्दिष्टांमध्ये तुमचे आजचे काम बसते का ते वाचा. 'बालवाडी चालवणे' एवढेच उद्दिष्ट असलेली संस्था वनहक्काचा प्रकल्प मागायला गेली तर पहिला प्रश्न तिथेच येतो.
– मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, धर्मादाय कार्यालयात दाखल केल्याच्या पोचेसह.
– संस्थेला आणि देणगीदारांना करसवलत देणारी, आयकराची '१२ए' आणि '८०जी' म्हणून ओळखली जाणारी नोंदणी. ती आता कायमची नसते. मुदत संपायच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्यावा लागतो.
– पॅन, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, आणि कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी घ्यायचा असेल तर सीएसआर-१ नोंदणी.
– कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधाचे धोरण. दहा किंवा अधिक माणसे असतील तर अंतर्गत समितीही. महिलांच्या हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेकडेच हे नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे.
– खरेदीचे आणि रोख रकमेचे साधे नियम, कार्यकारिणीच्या ठरावाने मंजूर केलेले. दोन पाने पुरेत.

तिसरी पायरी: पैशाचा रंग ओळखा

पैसा देशी आहे की परकीय, हे दात्याच्या चेहऱ्यावरून ठरत नाही. ते कायद्यावरून ठरते. तो कायदा म्हणजे परकीय योगदान विनियमन अधिनियम, २०१०, बोलीत एफसीआरए.

परकीय स्रोताकडून एक रुपया घ्यायचा तरी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावेत. नोंदणी पाच वर्षांची असते. संस्था नवी असेल तर पूर्वपरवानगीचा रस्ता आहे. त्यासाठी ठरावीक दात्याचे, ठरावीक रकमेचे आणि ठरावीक कामाचे वचनपत्र आधी हवे. दाता म्हणतो 'परवानगी आणा, मग पत्र देतो', मंत्रालय म्हणते 'पत्र आणा, मग परवानगी बघू'. यातून वाट काढायची तर दात्याकडून 'परवानगी मिळाल्यास' अशी अट घातलेले पत्र घ्या.

सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने चार गोष्टी बदलल्या. छोट्या संस्थांनी त्या पाठच कराव्यात.

पैसा प्रथम यायला हवा तो नवी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच. तिथून तुमच्या गावच्या बँकेतल्या दुसऱ्या खात्यात वळवता येतो.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली.

पदाधिकाऱ्यांची आधार माहिती सक्तीची झाली. पुढे ८ एप्रिल २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली, मात्र भारतीय पासपोर्टचा पर्याय मोकळा केला.

आणि चौथी, जिने सर्वात जास्त नुकसान केले: परकीय निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यावर पूर्ण बंदी आली. पूर्वी पुण्या-मुंबईतली मोठी संस्था पैसे आणायची आणि गडचिरोली, नंदुरबार, किनवटच्या छोट्या संस्थांना वाटून द्यायची. दोन्ही संस्था एफसीआरए-नोंदणीकृत असल्या तरी ते आता चालत नाही. त्यामुळे कुणी 'आपण मिळून अर्ज करू, पैसा आमच्याकडे येईल, तुमचा हिस्सा तुम्हाला देऊ' असे म्हणाले आणि पैसा परकीय असेल तर तिथेच हात जोडा.

आता संयुक्त राष्ट्रांचा पैसा. कायद्याच्या व्याख्येत संयुक्त राष्ट्रे, तिच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांना परकीय स्रोतातून वगळले आहे, शिवाय केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या आणखी काही संस्थांनाही. म्हणजे न्यूयॉर्कहून आलेले डॉलर कायद्याच्या नजरेत परकीय नसू शकतात, आणि अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या तुमच्या सख्ख्या भावाने संस्थेला पाठवलेले पाच हजार रुपये परकीय असतात. वगळलेल्या संस्थांची यादी गृह मंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर असते. दात्याचे नेमके नाव त्यात शोधा, पान छापून फाइलला लावा. बँकेतला अधिकारी विचारणारच. मात्र तोच पैसा एखाद्या परदेशी संस्थेमार्फत फिरून आला तर देणारी ती परदेशी संस्था धरली जाते.

परदेशातल्या मराठी माणसांचा प्रश्न इथेच येतो. भारतीय पासपोर्टवर परदेशी राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय योगदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत मागून ठेवा, संकोच करू नका. पण नागरिकत्व बदललेले असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचे) कार्ड असेल, तर देणगी परकीय. तिथल्या महाराष्ट्र मंडळाने संस्था म्हणून दिलेली देणगीही परकीय. गणेशोत्सवात जमवलेले प्रेमाचे पैसे असले तरी.

आणखी एक मेख. परकीय निधी घेणारी संस्था 'राजकीय स्वरूपाची' ठरली तर तिची वाट बंद होते. एफसीआरएच्या नियम ३ मध्ये त्याची लक्षणे दिली आहेत आणि त्यात 'बंद', 'हरताळ', 'रास्ता रोको', 'रेल रोको', 'जेल भरो' हे आपल्या रस्त्यावरचे शब्द जसेच्या तसे आहेत. ६ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेने लोकहितासाठी अशी साधने वापरली एवढ्यावरून ती राजकीय ठरत नाही. निकाल दिलासा देणारा आहे, तरी माझा सल्ला सावध आहे: ज्या संस्थेच्या नावाने मोर्चे निघतात तिच्या नावाने परकीय निधी घेऊ नका. संघटना वेगळी, ट्रस्ट वेगळा, खाती वेगळी. कार्यकारिणीत निवडून आलेला आमदार-खासदार किंवा पक्षाचा पदाधिकारी असेल तर अर्ज भरण्याआधी सीएशी बोला. संस्था वार्तापत्र काढत असेल तरीही, कारण बातम्यांच्या प्रकाशनावर कायद्याचे वेगळे निर्बंध आहेत.

चौथी पायरी: दाता निवडणे

एकाच वेळी बारा ठिकाणी तोच प्रस्ताव पाठवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना उत्तरे येत नाहीत.

संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी, म्हणजे यूएनडीईएफ, २००५ मध्ये कोफी अन्नान सरचिटणीस असताना सुरू झाला आणि भारत त्याचा अगदी सुरुवातीपासूनचा मोठा देणगीदार आहे. हा निधी सरकारांना न देता प्रामुख्याने नागरी संस्थांना दिला जातो. प्रकल्प साधारण दोन वर्षांचे, रकमा लाख डॉलरच्या पुढे, अर्ज ऑनलाइन आणि इंग्रजी किंवा फ्रेंचमध्येच. वर्षाला हजारो अर्ज येतात, निवडले जातात काही डझन. वार्षिक उलाढाल आठ-दहा लाखांची असलेल्या संस्थेने इथे एकदम उडी मारू नये. एवढी रक्कम तुम्ही पेलाल यावर परीक्षकाचा विश्वास बसणार नाही. बसला तर तुमचीच दमछाक होईल.

युरोपीय महासंघाचा 'मानवी हक्क आणि लोकशाही' कार्यक्रम २०२१ ते २०२७ या काळासाठी आहे. यजमान देशाच्या सरकारची संमती नसतानाही नागरी संस्थांना निधी देण्याची मुभा त्यात आहे. ती त्यांच्या बाजूची मुभा. आपल्या बाजूला आपला कायदा पाळावाच लागतो. त्यांच्या बऱ्याच फेऱ्या दोन टप्प्यांत चालतात: आधी संकल्पना टिपण, ते पसंत पडले तर पूर्ण अर्ज. काही टक्के रक्कम संस्थेने स्वतः उभी करायची अट बहुधा असते. ती कुठून आणणार हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ठरावीक विषयांसाठी संयुक्त राष्ट्रांचे स्वेच्छा निधी आहेत: छळ झालेल्यांच्या मदतीसाठी १९८१ पासूनचा, गुलामगिरीच्या आधुनिक प्रकारांबाबत १९९१ पासूनचा, महिलांवरील हिंसा संपवण्यासाठी १९९६ पासूनचा. पहिले दोन मुख्यतः थेट पीडितांना मदत करणाऱ्या संस्थांसाठी असतात. वेठबिगारीतून सुटलेल्या वीटभट्टी किंवा ऊसतोड मजुरांना कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थांनी ते वाचावेत.

देशी पैशात सीएसआर हा एक मोठा स्रोत. पण कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात 'लोकशाही' हा शब्द शोधून उपयोग नाही. 'स्त्री-पुरुष समानता', 'महिला सक्षमीकरण', 'शिक्षण', 'ग्रामीण विकास' हे शब्द आहेत. महिला सभेचा प्रकल्प तिथे खरोखर बसतो, तर तसा मांडा. पोलीस कोठडीतल्या छळाचा प्रकल्प बसत नाही. तो ओढूनताणून 'कौशल्य विकास' म्हणून विकायला जाऊ नका, सहा महिन्यांत पितळ उघडे पडते.

आणि आपला घरचा मार्ग. सामाजिक कृतज्ञता निधी आठवतो ना? डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि सहकाऱ्यांनी नाटकाचे प्रयोग करून पैसा उभा केला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. त्या पैशाला ना लॉगफ्रेम (कामाच्या मोजमापाचा तक्ता) लागली ना डॉलरचा दर. लोकवर्गणीतून मिळालेला पैसा थोडा असतो, पण मोर्चाचे पाणी, वकिलाचा प्रवास, कार्यकर्तीच्या मुलाच्या शाळेची फी ही असली कामे तोच करतो.

परदेशी दात्यांच्या लहरीचा अनुभव नुकताच सगळ्या जगाने घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला यूएसएड या तिच्या मदत संस्थेचे काम थांबले. जगभरातल्या संस्थांनी एका रात्रीत माणसे घरी पाठवली. एकाच दात्याकडून निम्म्याहून अधिक पैसा येत असेल तर तुमची संस्था त्याच्या संसदेतल्या मतदानावर उभी आहे.

पाचवी पायरी: जाहिरात वाचा, मग दोन पानांचे टिपण

दात्याची जाहिरात तीनदा वाचा. पहिल्यांदा फक्त अपात्रतेच्या अटींसाठी. दुसऱ्यांदा गुण कशाला किती आहेत त्यासाठी. तिसऱ्यांदा त्यांचे शब्द टिपण्यासाठी. ते 'सहभाग' म्हणत असतील तर तुम्ही 'सबलीकरण' म्हणू नका.

टिपणाची सुरुवात बहुतेक जण अशी करतात: 'स्वातंत्र्याच्या इतक्या वर्षांनंतरही ग्रामीण भागातील महिला अन्यायाच्या अंधारात चाचपडत आहेत. सावित्रीच्या लेकी आजही...' परीक्षकाने सकाळपासून असे चाळीस अर्ज वाचलेले असतात. त्याऐवजी: 'आम्ही दहा ग्रामपंचायतींच्या मागच्या आठ ग्रामसभांची कागदपत्रे माहिती अधिकारात मिळवली. त्यांपैकी सात ठिकाणी महिला सभेच्या हजेरीत सह्या आहेत, पण एकही ठराव नाही. पाच गावांतल्या ६० महिलांशी बोललो, त्यातल्या ४१ जणींना अशी सभा असते हेच माहीत नव्हते.' तीन वाक्ये झाली, आणि तुम्ही गावात जाता हे सिद्ध झाले.

यानंतर टिपणात पाचच गोष्टी: ही स्थिती का आहे, तुम्ही काय करणार, दोन वर्षांनी काय वेगळे दिसेल, हे तुम्हीच का करावे, आणि किती पैसे. 'का आहे' इथे रेंगाळा. महिला येत नाहीत कारण सभा सकाळी अकराला, मजुरीच्या वेळेत असते. कारण दवंडी पारावर होते, वस्तीवर होत नाही. कारण मागच्या वेळी बोललेल्या बाईच्या नवऱ्याला सरपंचाने ऐकवले. ज्या संस्थेला ही कारणे ठाऊक असतात तिची कामेही आपोआप नेमकी निघतात: सभेची वेळ बदलण्याचा ठराव, वस्तीवर दवंडी, एकटीऐवजी दहा जणींनी मिळून प्रश्न मांडणे. 'जनजागृती कार्यशाळा' ही मात्र कारण न कळलेल्या माणसाची योजना असते.

सहावी पायरी: लॉगफ्रेम

नाव जड, वस्तू साधी. एक तक्ता, ज्यात केलेले काम, हाती आलेली गोष्ट आणि झालेला बदल वेगवेगळ्या ओळींत असतात, आणि प्रत्येकासमोर 'कसे मोजणार' व 'पुरावा कुठे' हे लिहिलेले असते.

२४० बैठका घेणे हे काम. ६०० महिलांना ग्रामसभेचे नियम सांगता येणे ही हाती आलेली गोष्ट. २० गावांत महिला सभेचे ठराव ग्रामसभेपुढे येणे हा बदल. पुरावा: प्रोसिडिंगच्या साक्षांकित नकला. संस्थेने काढलेले फोटो हा पुरावा नव्हे, टाळ्या वाजवणाऱ्या बायकांचे तर नक्कीच नव्हे.

मोजमाप निवडताना एक सापळा असतो. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली की पुढच्या सभेला ती लागत नाही. मग 'गणपूर्ती झाली' हे यशाचे माप धरले तर आकडा कागदावर सहज वाढेल आणि काहीच बदललेले नसेल. ठराव किती झाले, आणि त्यातल्या कितींवर पुढच्या सभेत कार्यवाहीचा अहवाल आला, हे माप कठीण आहे म्हणूनच चांगले.

लक्ष्य ३० पैकी ३० लिहू नका. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. २० लिहा, आणि उरलेल्या १० गावांत काय अडेल असे वाटते तेही.

सातवी पायरी: अंदाजपत्रक

परीक्षक टिपणाआधी अंदाजपत्रक उघडतात, असे माझे मत आहे. दोन वर्षांचा हिशेब असा मांडू:

– समन्वयक, १ × ३०,००० × २४ महिने: ७,२०,०००
– क्षेत्र कार्यकर्त्या, ३ × १८,००० × २४: १२,९६,०००
– चौघींचा प्रवास, ४ × ४,००० × २४: ३,८४,०००
– गावबैठका, २४० × २,५००: ६,००,०००
– पुस्तिका, पोस्टर: १,५०,०००
– सुरुवातीची आणि शेवटची पाहणी: २,००,०००
– अर्धवेळ हिशेबनीस, १०,००० × २४: २,४०,०००
– जागाभाडे, वीज, इंटरनेट, ६,००० × २४: १,४४,०००
– लेखापरीक्षण, २ × ३०,०००: ६०,०००

एकूण ३७,९४,००० रुपये.

शेवटच्या तीन ओळी प्रशासकीय. त्यांची बेरीज ४,४४,०००, म्हणजे पावणेबारा टक्क्यांच्या आसपास. २० च्या आत, छान. पण समन्वयकाच्या नेमणूकपत्रात 'प्रकल्पाचे व्यवस्थापन' असे लिहिले तर त्यांचे मानधनही प्रशासकीय धरले जाऊ शकते. मग बेरीज ११,६४,००० होते, ३० टक्क्यांच्या वर. एफसीआरएचा निधी असेल तर एका शब्दापायी मर्यादा मोडली. ती मर्यादा आर्थिक वर्षात आलेल्या परकीय निधीवर मोजतात, त्यामुळे संस्थेचे इतर परकीय प्रकल्पही त्यात धरा. समन्वयक खरोखर गावोगाव प्रशिक्षण घेत असतील तर नेमणूकपत्रात आणि मासिक नोंदवहीत तसे लिहिलेले असू द्या. नसतील घेत, तर लिहू नका.

हिशेबनीस कापून अंदाजपत्रक 'आकर्षक' करण्याचा मोह आवरा. आणि कार्यकर्त्यांचे मानधन लाजून कमी लावू नका. १८ हजारांत काम करणारी बाई महिन्याला हजार किलोमीटर एसटीने फिरणार असते.

आठवी पायरी: धोक्यांचा रकाना

'पाऊस' आणि 'आचारसंहिता' लिहून हा रकाना उरकू नका, अर्थात दोन्ही खरे आहेत. निवडणुकीच्या काळात मतदारांशी निगडित कुठलाही कार्यक्रम बाजूला ठेवा आणि तसे वेळापत्रकात दाखवा. खरा धोका माणसांना असतो. तक्रार करणाऱ्या बाईचे नाव अहवालात गेले, दात्याच्या संकेतस्थळावर तिचा फोटो झळकला आणि तो गावात मोबाइलवर फिरला, तर तिचे काय? संमतीपत्र तिला समजेल अशा भाषेत हवे. नावांऐवजी क्रमांक वापरायचे आणि नावांची यादी एकाच कुलूपबंद ठिकाणी ठेवायची. लैंगिक अत्याचारग्रस्तांची ओळख उघड करणे तर गुन्हाच आहे. कोणता तपशील आम्ही देणार नाही हे अर्जातच सांगून टाका. समजूतदार दात्यांच्या मनात त्याने तुमचे वजन वाढते.

पाठवणे आणि त्यानंतर

शेवटच्या दिवशी पोर्टल बसते, हे गृहीतच धरा. दोन दिवस आधी पाठवा. इंग्रजी अर्ज असेल तर मराठीत विचार पक्का करून मग इंग्रजी करा, आणि इंग्रजी येणाऱ्या पण तुमचे काम न माहीत असलेल्या एकाला वाचायला द्या. त्याने 'म्हणजे नक्की काय करणार?' असे विचारले तर अर्ज तयार नाही.

निवड झाली की छाननी येते. दुसऱ्या पायरीतले सगळे कागद इथे एकदम मागितले जातात. करार आला की तीन कलमे स्वतः वाचा: हप्ते कशावर अवलंबून आहेत, एका शीर्षकातून दुसऱ्यात किती टक्के रक्कम विनापरवानगी वळवता येते, आणि दात्याने मध्येच करार तोडला तर झालेला खर्च कोण देणार. तिसरे कलम २०२५ नंतर कुणी दुर्लक्षू नये.

परकीय निधी असेल तर एफसी-४ हे वार्षिक विवरणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे. वर्षात पैसा आला नसला तरी. त्या खात्यावरचे व्याजही परकीय योगदानच असते.

नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागणारे दोन ओळींचे नम्र पत्र पाठवा. दहातले तीन दाते उत्तर देतात, असा माझा अंदाज. माहिती अधिकारात गोळा केलेल्या त्या नकला आणि मोजणी कुठे जात नाहीत. पुढच्या फेरीत त्यावर आणखी एका वर्षाची भर पडलेली असते.

होकार आला आणि दोन वर्षे पार पडली, तर शेवटी थोडी रक्कम हमखास उरते. ती परस्पर वापरू नका, लेखी विचारा. एका देशी दात्याचे आमच्याकडे ३,८४० रुपये उरले होते. परत कुठल्या खात्यात भरू म्हणून विचारले. उत्तर आले: १५ ऑगस्टच्या महिला सभेच्या चहाला लावा, पावती पाठवा. चहावाल्याकडे पावतीपुस्तक नव्हते. त्याने वहीच्या पानावर लिहून दिले, सरपंचबाईंनी त्यावर सही केली, आणि ते पान आम्ही अंतिम अहवालाला जोडले.